नातं काढणारे सुभेदार

कोरेगावात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला आमच्या घरमालकांचं घर होतं. त्या घरासमोरून अनोळखी माणूस सरळ निघून गेला, असं मी तिथल्या तीन वर्षांत एकदाही पाहिलं नाही. जाणार कसा? पुढच्या पायरीवर मालक बसलेले असत. खाकी हाफपँट, वर पांढरी बंडी, पायात लेस काढून टाकलेले मिलिटरीचे बूट आणि हातात इनॅमलचा मग. माणूस टप्प्यात आला की हातातला मग खाली ठेवायचा आणि हाक मारायची.

"आवं पाव्हणं, जरा थांबा की! गाव कोंचं म्हनायचं?"

ते लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते, म्हणून सारं गाव त्यांना सुभेदारच म्हणे. आवाज मात्र निवृत्त झाला नव्हता. त्या आवाजानं बैलगाडीवालासुद्धा कासरा ओढायचा. त्यानं गाव सांगितलं की दुसरा प्रश्न, "आडनाव?" आणि मग तिसरा, "मामाचं गाव?" तिसरं उत्तर मिळालं की सुभेदार डोळे मिटत. उजव्या हाताची बोटं पेटी वाजवल्यासारखी मांडीवर फिरू लागत. मग त्याच मांडीवर थाप पडे.

"लागलं!"

म्हणजे नातं लागलं. खताच्या दुकानाचा पत्ता विचारायला थांबलेला माणूस त्यांच्या मावसबहिणीच्या दिराचा साडू निघालेला असे. मग त्याला पायरीवर बसवून चहा, आणि चहाबरोबर साडूच्या घरची सगळी खुशाली. नवीन माणसाला वाटायचं, या रस्त्यानं लोक गाडी गाठायला पळतात. गाडीला अजून तासभर असायचा. लोक सुभेदारांना चुकवायला पळत.

"जगात परकं कुनी नसतंय," ते म्हणायचे. "लोक इचारायचा कटाळा करत्यात, म्हनून मान्सं परकी ऱ्हात्यात."

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि हे वाक्य मला फार थोर वाटलं होतं. मी ते एका वहीत लिहूनही ठेवलं होतं.

एकदा त्यांच्या उसात चोर सापडला. मोटारीची वायर कापताना गड्यांनी पकडला आणि दोरीनं बांधून अंगणात आणला. चार माणसं हात साफ करायला तयारच होती. सुभेदारांनी सगळ्यांना मागं सारलं आणि चोरासमोर उकिडवे बसले. आता चांगलं ठोकतील, म्हणून आम्ही श्वास रोखून उभे. सुभेदारांनी विचारलं, "गाव कोंचं रं तुजं?" चोरानं बिचाऱ्यानं रडत रडत तीनही उत्तरं दिली, आणि तिसऱ्याला मांडीवर थाप! चोराचा मामा आणि सुभेदारांच्या बहिणीचं सासर एकाच आळीतलं निघालं. दोरी सुटली. काकींना, म्हणजे सुभेदारांच्या पत्नीला, भाकरी आणायला सांगितलं. चोर खाली मान घालून भाकरी खात होता आणि सुभेदार त्याला झापत होते.

"लाज न्हाई वाटत? पाव्हण्याच्या रानात चोरी करतूस व्हय? ह्येवढी दुसऱ्यांची रानं पडल्यात तालुक्यात, ती दिसली न्हाईत तुला?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, पोलिसात कोण जाणार? चोर गेला. जाताना सुभेदारांच्या पायाही पडला. वायर मात्र बरोबर घेऊन गेला, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

एखादं नातं तोंडी लागलं तरी त्यांचं समाधान नसे. खात्री हवी. त्यासाठी पेन्शनच्या दिवशी ते पोस्टातून जवाबी कार्डांचा गठ्ठा आणायचे. एक कार्ड आपण लिहायचं, त्याला जोडलेलं दुसरं कोरं कार्ड समोरच्यानं उत्तर लिहून परत पाठवायचं. "अमुक तमुक गृहस्थ आपल्या भावकीपैकी असल्याचे सांगतात, तरी खुलासा व्हावा." असा मजकूर ते शिसपेन्सिल ओली करून लिहायचे. पोस्टमन मला म्हणायचा, कलेक्टर कचेरीला येत नाही एवढी डाक या पायरीला येते.

ही खोड त्यांना लागली कुठून, ते त्यांनीच एकदा सांगितलं. महायुद्धात ते परदेशी वाळवंटात जखमी होऊन तंबूतल्या इस्पितळात पडले होते. आजूबाजूला सगळ्या मुलखातले शिपाई, एकाची बोली दुसऱ्याला कळेना. एका दुपारी शेजारच्या खाटेवरचा जवान "आयं, आयं गं" म्हणून कण्हला. सुभेदारांच्या कानात प्राण आले. त्यांनी विचारलं, "गाव कोंचं रं गड्या?" त्यानं सांगितलं. कोरेगावपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावरचं गाव. दोघंही रडले, मग गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांवर बोलत राहिले. बोलता बोलताच तो गेला.

"पर येकटा न्हाई ग्येला," सुभेदार म्हणाले. "गावच्या मान्सासंगं बोलत ग्येला. म्हनून मी इचारतो. लोक हासू देत."

मी विचारलं, "त्याचं आडनाव काय होतं?"

"आडनाव?" ते थबकले. "त्येवढा येळ कुटं व्हता?"

आता माझं सांगतो. मी आटपाडीकडचा. आमच्याकडं पाण्याची बोंब आणि मला नोकरी लागली पाटबंधारे खात्यात, हा विनोद मी स्वतःच सगळ्यांना सांगायचो, म्हणजे दुसऱ्यांना सांगायला उरत नसे. खोली बघायला गेलो तेव्हा पायरीवर माझी परीक्षा झाली. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, मामाचं गाव सांगितलं. बोटं मांडीवर फिरली, थांबली, पुन्हा फिरली. थाप काही पडेना.

"आटपाडी," ते स्वतःशी म्हणाले. "लय लांब. तुमच्यात मेंढरं असत्यात न्हवं?"

"आजोबांची होती. उन्हाळ्यात इकडंच यायचे घेऊन."

"व्हय की! म्हंजे तुमची मेंढरं आमच्या रानात बसायची!" त्यांचा चेहरा उजळला. आमचे लोक मेंढरं घेऊन पश्चिमेला यायचे. इकडचे शेतकरी लेंडीखतासाठी रात्रीपुरती ती आपल्या रानात बसवून घ्यायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे. सुभेदारांनी खूप विचार करून निकाल दिला. "म्हंजे वळख हाय. नातं न्हाई."

खोली मिळाली. माणूस प्रेमळ, काकी त्याहून प्रेमळ. मला ताप आला तेव्हा काकींनी तीन दिवस पेज करून पाठवली. पण सणावाराला भाडेकरूंना जेवायला बोलवत, तेव्हा ज्यांचं नातं लागलेलं होतं ते आत स्वयंपाकघरात पाटावर, चुलीच्या उबेला, काकींच्या हातच्या गरम भाकरीला. माझं पान बाहेर सोप्यात, रेडिओशेजारी. कुणी वाईट बोललं नाही, कुणी कमी वाढलं नाही. आतून हसण्याचा आवाज यायचा आणि मी बातम्या ऐकत जेवायचो. आजोबांच्या मेंढरांना यांच्या रानात बसायला जागा होती आणि मला सोप्यात, एवढीच आमच्या घराण्याची दोन पिढ्यांत प्रगती. हे हसत सांगतोय, पण तेव्हा मला ते फार लागायचं.

त्यात जाधव आला.

जाधव गुरांच्या दवाखान्यात नेमणुकीवर आलेला. हुद्द्यानं डॉक्टर नव्हता, पण गावाला तेवढी बारकाई कशाला? पहिल्या आठवड्यातच तो डॉक्टर झाला. माझ्याच वयाचा, शिडशिडीत, कमी बोलणारा. पायरीवर त्याचीही परीक्षा झाली, आणि मी शेजारी उभा राहून ती ऐकली.

"गाव कोंचं?"

"पाटणकडं."

"आडनाव?"

"जाधव."

तिसऱ्या प्रश्नाची वेळच आली नाही. मांडीवर अशी थाप पडली की मगातला चहा हिंदकळला. "पाटनकडलं जाधव! आवं, आमच्या थोरल्या आत्याचं सासार! लागलं! अगं ए, च्या टाक, पाव्हणं आल्यात!"

जाधव काहीतरी सांगायला गेला होता, मला चांगलं आठवतं. त्यानं तोंड उघडलं होतं. पण सुभेदार तोवर आत्याच्या लग्नातल्या वरातीपर्यंत पोचले होते. जाधवनं तोंड मिटलं आणि चहा घेतला.

एकच आडनाव आपल्याकडं पाच-सहा जातींत सापडतं, हे सुभेदारांना काय माहीत नव्हतं? आयुष्यभर त्यांनी आडनावंच तर चाळली होती. पण पट्टीच्या पोहणाऱ्यानं खोली न बघता उडी मारावी, तसं त्यांचं झालं. जवाबी कार्डही त्यांनी टाकलं नाही. आत्याचं सासर, त्यात शंका कसली?

जाधवचं पान पहिल्या सणापासून आत पडलं. त्यात एका सकाळी सुभेदारांची म्हैस अडली. रेडकू आडवं आलेलं. जाधवनं खांद्यापर्यंत हात घालून, तासभर घाम गाळून दोन्ही जीव वाचवले. सुभेदारांनी साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "हात कुनाचा हाय! आमच्या आत्याच्या घरचा हात हाय!" म्हणजे तो शिकला, परीक्षा दिली, ते सगळं बाजूलाच. काकी त्याला तुपाची वाटी जास्त वाढू लागल्या.

माझ्या पोटात दुखायला लागलं. हे कबूल केल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. जाधवशी माझं काही वाकडं नव्हतं, उलट मैत्रीच होती. त्याचं लग्न झालेलं होतं. बायको माहेरी बाळंत झाली होती आणि दिवाळीनंतरच्या रविवारी ती बाळाला घेऊन येणार होती. त्यानं खोलीला चुना दिला, नवा स्टो आणला, आढ्याला पाळण्यासाठी कडी ठोकून घेतली. कडी ठोकताना स्टूल मीच धरलं होतं. पाळण्यासाठी दोरी आणायला आम्ही दोघं बाजारात गेलो होतो. तरी जेवायच्या वेळी तो आत जायचा आणि मी रेडिओशेजारी बसायचो, तेव्हा मला वाटायचं, हा काल आलेला माणूस आत कसा? याच्यात काय आहे? कुणाचा कोण आहे हा?

सुभेदारांचीच चौकशीची खाज मला लागली होती. मी पोस्टातून एक जवाबी कार्ड आणलं आणि पाटणच्या कचेरीत माझा एक वर्गमित्र होता त्याला लिहिलं. आठ दिवसांत उत्तर आलं. "सदर जाधव यांचे घर गावाबाहेर बौद्धवाड्यात. वडील वारले. मुलगा फार हुशार, शिष्यवृत्तीवर शिकला. का विचारतोस?"

का विचारतोस, याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण लिहिण्यासारखं नव्हतं.

कार्ड मी चार दिवस खिशात ठेवलं. फाडून टाकावं असं दोनदा मनात आलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी अंगणात सुभेदारांची बैठक भरली होती. त्यांचे चुलतभाऊ आबा आले होते. आबांना गावात मान, भावकीत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. आणखी दोन-तीन जण होते. जाधव दवाखान्यातून यायचा होता. सुभेदार नेहमीसारखी नाती उलगडत होते, सगळे माना डोलवत होते आणि मी कडेला उभा होतो. मला बस म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"सुभेदारसाहेब," मी म्हणालो, "जाधवांचं नातं जरा तपासून बघायला पाहिजे." आणि कार्ड पुढं केलं.

आयुष्यात पहिल्यांदा सगळी बैठक माझ्याकडं बघत होती. आबा सरकून म्हणालेसुद्धा, "बसा की, उभं का?" मी बसलो.

सुभेदारांनी कार्ड हात लांब करून वाचलं. पुन्हा वाचलं. मग आबांनी ते त्यांच्या हातून काढून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. कुणी तरी फिसकन हसलं. काकी दारात आल्या होत्या. सुभेदारांनी त्यांच्याकडं पाहिलं तर त्या म्हणाल्या, "माज्याकडं काय बगता? पाव्हणा तुमी काडला, तुमीच निस्तरा." आणि आत गेल्या.

आता सुभेदार जाधवला घालवून देतील, असं मला वाटलं. आणि ते खरं होऊ नये, असंही त्याच क्षणी वाटलं. पण सुभेदारांचा जातीचा अभिमान जसा मोठा, तसा त्यांचा दुसरा एक अभिमान त्याहूनही मोठा होता. त्यांची पारख चुकली, हे त्यांना भर बैठकीत कबूल करायचं नव्हतं.

"मग?" ते म्हणाले. "लागलेलं नातं काय कार्डानं सुटतंय व्हय? माजी पारक चुकत न्हाई. जाधव पाव्हणंच हायेत."

"आरं पर बौद्धवाड्यातलं पाव्हणं?" आबा म्हणाले.

"सात पिड्या मागं जा की! तवा समदं जाधव येकच व्हतं."

आणि मग तीन दिवस जे चाललं ते पाहायला मजा आली असती, जर मी ते सुरू केलेलं नसतं. सुभेदारांनी जुने कागद काढले, देवगिरीच्या राजापासून सुरुवात केली, कोण कुठल्या लढाईत कुठं पांगला आणि कुठं वस्तीला राहिला याचा नकाशा जमिनीवर काडीनं काढला. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते आता गाव विचारत नव्हते, हा नकाशा समजावून सांगत होते. गावात टवाळी सुरू झाली. बाजारात कुणाचं कुणाशी जुळत नसलं की लोक म्हणत, "सुभेदारास्नी इचारा, सात पिड्या मागं जाऊन जुळवून देतील." आबांनी मात्र टवाळी केली नाही. त्यांनी निरोप पाठवला, की पाव्हणा घरात जेवणार असेल तर देवाच्या जेवणाला आमची भावकी तुमच्या दारात येणार नाही.

जाधवला कार्डाचं कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. मी सांगितलं नाही. त्यानं मला काही विचारलंही नाही. फक्त सकाळी तोंड धुताना तो माझ्याकडं एकदा बघायचा आणि मी दात जास्त घासायचो.

चौथ्या संध्याकाळी पुन्हा बैठक बसली. आबा स्वतः आले होते, निकाल लावायला. सुभेदार नकाशा समजावत होते. "काय बी म्हना, जाधव आपलं पाव्हणंच." तेवढ्यात जाधव आडावरून पाण्याची बादली घेऊन आला. तो थांबला. बादली खाली ठेवली, हात पुसले.

"सुभेदारसाहेब, मी तुमचा पाहुणा नाही," तो म्हणाला. "तुमच्या आत्याचं सासर माझं गाव नाही. पहिल्या दिवशी सांगायला गेलो होतो, तुम्ही सांगू दिलं नाही. नंतर मीही गप्प बसलो, ती माझी चूक. पण आता तुम्ही माझ्यासाठी सात पिढ्या खणू नका. मी भाडेकरू आहे. रविवारी माझी बायको येणार, बाळ येणार. एवढंच सांगा, पाहुणा नसलो तर खोली राहते का माझी?"

तो अजिबात रागानं बोलला नाही. गुराला काय झालंय ते मालकाला सांगावं, तसं त्यानं सांगितलं.

सुभेदारांनी तोंड उघडलं. आबांकडं पाहिलं. आबा त्यांच्याकडंच बघत होते, सगळेच बघत होते. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारले, त्याला पहिल्यांदा कुणी तरी साधा प्रश्न विचारला होता. हो किंवा नाही, एवढंच उत्तर.

"बगू," सुभेदार म्हणाले.

आपल्याकडं 'बघू' म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. जाधवनं बादली उचलली आणि तो आपल्या खोलीत गेला.

दोन दिवसांत त्यानं दुसरी जागा पाहिली. रेल्वे फाटकापलीकडं, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका पॉइंटमनच्या घरी. शनिवारी सकाळी तो ट्रंक बांधत होता. मी आत गेलो. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "पाळण्याची कडी काढून देऊ का?" तो म्हणाला, "राहू दे. कुणाला तरी लागेल." मी उभाच राहिलो. मग तो म्हणाला, "स्टो धर." मी स्टो धरला.

बाहेर आलो तर दारात हातगाडा उभा आणि गाड्याशी सुभेदार. हाफपँट, बंडी, बूट. गाडा त्यांनी बाजारातून स्वतः ओढत आणला होता. कुणाशी न बोलता ट्रंक उचलून गाड्यावर ठेवली, खाट ठेवली, गादी ठेवली आणि दांड्याला हात घातला. जाधव म्हणाला, "साहेब, तुम्ही कशाला?" ते ऐकलं न ऐकलंसं करून त्यांनी गाडा रस्त्याला लावला. मागून जाधव आणि स्टो धरून मी. भर बाजाररस्त्यानं निवृत्त सुभेदार भाडेकरूचं सामान ओढत चाललेत, हे दृश्य पाहायला लोक दुकानांतून बाहेर आले. त्या दिवशी त्यांनी कुणालाही गाव विचारलं नाही.

फाटकापलीकडं नवा मालक दारातच उभा होता. सामानाकडं बघितलं, जाधवकडं बघितलं, मग अगदी सहज म्हणाला, "डाक्टर, जाधव म्हंजे कुनापैकी म्हनायचं?"

सुभेदारांनी गाडा धाडकन खाली टेकवला.

"तुला काय करायचं हाय?" ते ओरडले. तो लष्करी आवाज, पलीकडच्या झाडावरचे कावळे उडाले. "खोली मान्साला देतूस का नात्याला? भाडं येळंला देतोय, मानूस सरळ हाय, माजी म्हस वाचवलीया ह्या मान्सानं! आनि काय पायजे तुला?"

नवा मालक दोन पावलं मागं सरला. जाधव सुभेदारांकडं बघत होता. मग तो हळूच म्हणाला, "साहेब, हेच परवा तुमच्या अंगणात म्हणाला असता, तर गाडा कशाला लागला असता?"

सुभेदार गाड्याच्या चाकाला लागलेला चिखल बुटानं काढत राहिले.

जाधव मालकाकडं वळला. "मी बौद्ध आहे. चालत असेल तर सामान उतरवतो. नसेल तर गाडा भरलेलाच आहे."

मालक डोकं खाजवू लागला. इतक्यात आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "आवं, गुरांचं डाक्टर न्हवं का ते? घ्या की आत! आपली शेरडी कालधरनं चारा खाईना!" मालकानं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि ट्रंकेला हात लावला. जाधव आधी शेरडी बघायला गेला, खोली नंतर बघितली. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आणि बाळ तिथं उतरली. मी भेटायला गेलो नाही. धीर झाला नाही.

रिकामा गाडा घेऊन आम्ही दोघं परत निघालो. फाटकापासून थोडा चढ आहे. सुभेदार एका दांड्याला, मी दुसऱ्या.

"तुमी ते कार्ड का लिवलं?" त्यांनी विचारलं.

खोटं सांगायची ताकद उरली नव्हती. "तुमच्यात बसायला मिळावं म्हणून."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "मी बी भावकीत बसायला मिळावं म्हनूनच 'बगू' म्हनलं."

घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. सुभेदारांनी हातपाय धुतले, पंच्यानं तोंड पुसलं आणि आत बघून काकींना सांगितलं, "आजपास्नं ह्यांचं पान आत मांडत जा." ही शिक्षा होती की बक्षीस, मला आजही सांगता येत नाही. काकींनी चुलीपुढं पाट मांडला. जाधव बसायचा तोच. तव्यावरची भाकरी पानात पडली, वर तुपाची वाटी आली. मी जेवलो. तीन भाकरी खाल्ल्या आणि वर ताकभात. घास घशात अडकला, असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण जेवण फार गोड लागलं.